घरांत दहा माणसें, पण विचारावें कोणीं?

निकालाच्या दिवशीं पेढे वाटण्याची आपल्या घरांतील चाल जुनी आहे. निकाल कळतांच देवापुढें साखर ठेवली जाते, मुलगा आजीआजोबांच्या पायां पडतो आणि धाकटीं मुलें शेजारच्या बिऱ्हाडांतून पेढ्यांची ताटली फिरवून येतात. या चालींत वाईट असें कांहींच नाहीं. परंतु ज्या घरीं त्या दिवशीं पेढे येत नाहींत, त्या घराकडे आपण फारसें पाहत नाहीं. तेथें दार लोटलेलें असतें, फोन वाजला तरी तो कोणी चटकन् उचलीत नाहीं, आणि आंतल्या खोलींत एखादा मुलगा किंवा एखादी मुलगी भिंतीकडे तोंड करून पडलेली असते. वडील माणसें म्हणतात, "असूं द्या, दोन दिवस एकटा राहूं दे, आपोआप ठीक होईल." पुष्कळदां तसें होतेंही. पण जेव्हां तें आपोआप ठीक होणार नसतें, तेव्हां तें ओळखावें कसें आणि ओळखल्यावर करावें काय, याचा विचार आमच्या वाचकांपुढें ठेवावा, एवढ्याच हेतूनें हा लेख लिहिला आहे. विषय अप्रिय आहे हें आम्ही जाणतों. म्हणूनच तो घरांत निघत नाहीं, आणि निघत नाहीं म्हणूनच लिहिणें भाग आहे.

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालाप्रमाणें सन २०२२ मध्यें आपल्या देशांत १,७०,९२४ माणसांनीं स्वतःच्या हातानें आपलें आयुष्य संपविलें. त्यांत १३,०४४ विद्यार्थी होते. म्हणजे सरासरीनें दररोज सुमारें छत्तीस मुलेंमुली. विद्यार्थ्यांच्या या यादींत त्या वर्षीं सर्वांत मोठा आंकडा आपल्या महाराष्ट्राचा, म्हणजे १,७६४ इतका होता. त्याच अहवालांत 'परीक्षेंतील अपयश' या कारणाखालीं २,२४८ मृत्यूंची नोंद आहे. हे आंकडे शेजारीं ठेवून पाहिले म्हणजे परीक्षा हेंच एकमेव कारण, हा आपला समज टिकत नाहीं. घरांतील कलह, दीर्घ आजार, प्रेमांतील निराशा, व्यसन, वसतिगृहांतील छळ, जातीवरून झालेला अपमान, आणि सर्वांच्या मुळाशीं पुष्कळदां असणारें, कोणीं न ओळखलेलें नैराश्य, अशीं अनेक कारणें एकमेकांत गुंतलेलीं असतात. निकाल हा त्यांतील केवळ शेवटचा धागा असतो. तेव्हां ज्यांचा मुलगा नेहमीं पहिल्या पांचांत येतो, त्या आईबापांनींही हा लेख 'आपल्याकरितां नव्हे' म्हणून बाजूस ठेवूं नये.

आमच्या परिचयाचें पुण्यांत एक कुटुंब आहे. त्यांच्या संमतीनें, ओळख पटूं नये इतपत तपशील बदलून, तेथील हकीकत देतों. आजोबा, आजी, दोघे भाऊ, दोघी जावा आणि चार मुलें असें दहा माणसांचें हें घर. थोरल्या भावाचा मुलगा बारावीनंतर वैद्यकीय प्रवेशपरीक्षेस दुसऱ्यांदां बसणार होता. पहिल्या खेपेस थोडक्या गुणांनीं त्याची जागा हुकली होती. घरांत त्याला कोणीं टाकून बोललें नव्हतें. उलट 'एक वर्ष गेलें तर काय झालें' असेंच सर्व म्हणत.

परीक्षेला दीड महिना राहिला असतां त्या घरांत पुढील गोष्टी घडल्या. आजीला दिसलें कीं, नातू पानावरून अर्धपोटीं उठतो, आणि रात्रीं दोन वाजतां ती उठली तरी त्याच्या खोलींत दिवा असतो. "पोर फार अभ्यास करतंय," असें ती म्हणाली. आईला दिसलें कीं, तो हल्लीं कशावरूनही हुज्जत घालीत नाहीं, जें म्हणावें त्याला 'हो' म्हणतो. तिला वाटलें, शहाणा झाला. एके संध्याकाळीं तो आजोबांना म्हणाला, "आजोबा, माझ्यापायी घरचे फार पैसे गेले, नाही का?" आजोबांना धन्य वाटलें कीं, नातवाला घरची जाणीव आली. बापानें पाहिलें कीं, मित्रांचे फोन येईनासे झाले आहेत. त्याला वाटलें, मन एकाग्र झालें. अकरा वर्षांच्या चुलतभावाला त्यानें आपला तबला डग्ग्यासह देऊन टाकला. तो चिमुरडा आनंदानें नाचत सुटला. आणि मग एके गुरुवारीं हा मुलगा सकाळीं लौकर उठला, त्यानें स्नान केलें, टेबल आवरलें, सर्वांशीं हसून बोलला व पोटभर जेवला. सगळ्या घरानें सुटकेचा निःश्वास टाकला.

त्या संध्याकाळीं धाकटी काकू शाळेंतून परत आली. ती मुलींच्या शाळेंत शिक्षिका आहे. तिच्या मुलानें तिला तबला दाखविला आणि सांगितलें, "दादा म्हणाला, आता परत नको देऊस, तुझ्याकडेच राहू दे." तें 'परत नको' तिला खटकलें. तिनें स्वयंपाकघरांत सासूबाईंना विचारलें, थोरल्या जावेला विचारलें, अंगणांत सासऱ्यांना विचारलें. प्रत्येकाजवळ एकेक तुकडा होता; ते तिनें एकत्र केले, आणि जेवणें झाल्यावर ती पुतण्याला घेऊन गच्चीवर गेली.

"तबला का रे देऊन टाकलास?"

"वेळ कुठं मिळतो, काकू?"

"त्यासाठी रागवायला आले नाही मी. एक सरळ विचारते. जगणंच नको असं तुला वाटायला लागलंय का? जीव द्यायचं मनात येतं का?"

मुलगा बराच वेळ बोलला नाहीं. मग म्हणाला, "तुला कसं कळलं?"

तो शब्द ऐकून आपले हात थरथरूं लागले, असें त्या बाईंनीं मागाहून आम्हांस सांगितलें. परंतु त्या रडल्या नाहींत. त्यांनीं शपथा घातल्या नाहींत. आईबापांच्या उपकारांची आठवण दिली नाहीं. "किती दिवसांपासून?" इतकेंच त्यांनीं विचारलें, आणि पुढचे दीड तास त्या ऐकत राहिल्या. शेवटीं म्हणाल्या, "हे मी एकटीजवळ ठेवणार नाही. तुझ्या बाबांना सांगावं लागेल. पण तुझ्या समोर सांगेन, पाठीमागं नाही." त्या रात्रीं काका पुतण्याच्या खोलींत निजले. आजोबांच्या औषधांचा डबा कुलपांत गेला. दुसऱ्या दिवशीं सकाळीं बाप व काकू त्याला मानसोपचारतज्ज्ञाकडे घेऊन गेलीं. कित्येक महिने उपचार चालले. त्या वर्षीं त्यानें परीक्षा दिली नाहीं. आज तो दुसऱ्या एका विषयाचा अभ्यास करतो, आणि घरांत पुन्हा हुज्जतही घालतो. त्याचे वडील आम्हांस म्हणाले, "मी रोज विचारीत होतो, अभ्यास झाला का. झोप लागते का, हे एकदाही विचारलं नव्हतं."

या हकीकतींत आमच्या वाचकांनीं लक्षांत घ्यावी अशी गोष्ट ही कीं, त्या घरांत प्रेमाची उणीव नव्हती, आणि लक्षणेंही लपलेलीं नव्हतीं. तीं वांटली गेलीं होतीं. एकत्र कुटुंबांत मुलावर दहा जणांची नजर असते, ही आपली मोठी जमेची बाजू. पण दहा जण पाहतात म्हणून विचारण्याचें काम कोणा एकाचें राहत नाहीं. आई समजते, वडील बोलले असतील. वडील समजतात, आईला ठाऊक असेल. शिवाय वडील माणसांसमोर स्वतःचें दुःख मांडणें म्हणजे उलट बोलणें, असा संकोच आपल्या मुलांच्या अंगीं आपणच बाणवलेला असतो. आणि याहूनही घातक अशी आपली एक सवय आहे. ज्या गोष्टींनीं दचकावें, त्यांना आपण सद्गुणांचीं नांवें देतों. अबोलपणाला आपण गंभीरपणा म्हणतों, जागरणाला अभ्यास, 'माझा खर्च फार होतो' या उद्गाराला जाणीव, आणि आवडती वस्तु देऊन टाकण्याला मनाचा मोठेपणा.

लक्षणें कोणतीं?

सर्वांत मोठें लक्षण म्हणजे बोलणें. 'जो बोलतो तो करीत नाहीं' ही समजूत अगदीं चुकीची आहे. जीव देणाऱ्यांपैकीं पुष्कळांनीं तत्पूर्वीं कोणाला ना कोणाला, कोणत्या ना कोणत्या शब्दांत, सुचविलेलें असतें. 'मी नसतो तर बरं झालं असतं', 'तुम्हांला माझा त्रासच आहे', 'आता फार दिवस राहिले नाहीत', 'झोपावं आणि उठूच नये' अशीं वाक्यें थट्टेंत आलीं तरी थट्टा समजूं नयेत. मरणाविषयीं वारंवार लिहिणें, मोबाइलवर त्याविषयीं शोध घेणें, निरोपाच्या सुरांत मित्रांना संदेश पाठविणें हेंही बोलण्यांतच जमा आहे.

दुसरें लक्षण वागण्यांतील बदल. मूळचा अबोल मुलगा अबोल राहिला तर त्यांत नवल नाहीं; परंतु बडबड्या मुलगा गप्प झाला, मैत्रिणींत रमणारी मुलगी दार लावून बसूं लागली, खेळ, गाणें, वाचन यांत गोडी उरली नाहीं, झोप उडाली किंवा दिवसभर झोपच झोप झाली, जेवण तुटलें, लहानसहान गोष्टींवरून संताप येऊं लागला, नटण्याची आवड असलेल्या मुलीनें केस विंचरणेंही सोडलें, आणि हें दोनतीन आठवडे टिकलें, तर त्याची दखल घेतलीच पाहिजे. अंगावर स्वतः केलेल्या जखमांच्या खुणा दिसल्या, किंवा पूर्वीं एकदां असा प्रयत्न होऊन गेला असेल, तर धोका अधिक समजावा. आवडत्या वस्तु वांटून टाकणें आणि दीर्घ उदासीनतेनंतर एकाएकीं आलेली शांतता यांकडे तर विशेष लक्ष द्यावें. ती शांतता बरें वाटूं लागल्याचीच असेल असें नाहीं. मनांतील झगडा एका निश्चयानें संपल्याचीही असूं शकते.

यांतील एखादें चिन्ह दिसलें म्हणजे अनर्थ ठरलेलाच, असें मात्र कोणीं समजूं नये. तरुण मुलें उदास होतात आणि सावरतातही. चिन्ह दिसल्यावर घाबरण्याची गरज नाहीं, विचारण्याची आहे.

विचारावें कसें?

एकांतांत आणि सरळ. 'असें विचारलें तर नसतें खूळ डोक्यांत शिरेल' ही भीति पुष्कळांस वाटते. या विषयावर जें संशोधन झालें आहे, त्यांत या भीतीला आधार सांपडलेला नाहीं. उलट कोणी स्पष्ट विचारलें कीं मनावरचें ओझें हलकें होतें, असाच अनुभव आहे. तेव्हां 'वेडेवांकडे विचार तर नाहींत ना येत?' असें, उत्तर 'नाहीं' यावें म्हणून, विचारूं नये. काकूनीं विचारलें तसें विचारावें.

उत्तर 'हो' आलें तर पहिलें काम ऐकण्याचें. अशा वेळीं आपल्या तोंडीं चार वाक्यें सहज येतात, आणि तीं चारही गिळावींत. 'तुला काय कमी आहे?' 'शेजारच्यांचा मुलगा बघ.' 'आमच्या वेळीं तर कंदिलावर अभ्यास केला आम्ही.' 'आईबापांचा तरी विचार करायचास.' या प्रत्येक वाक्यानें मुलाची 'मी घराला भार आहें' ही समजूत घट्ट होते. त्यापेक्षां 'सांगितलंस हे बरं केलंस. आता तू एकटा नाहीस' एवढें पुरे. कोणाला सांगणार नाहीं असें वचन मात्र देऊं नये. कोणाला सांगावयाचें, हें त्याच्याशीं बोलून ठरवावें.

दुसरें काम, त्याला एकटें न सोडण्याचें. मरणाची तीव्र ऊर्मि बहुधा सतत टिकणारी नसते. ती चढते आणि ओसरते. ती चढलेली असतां जवळ माणूस असणें आणि हाताशीं साधन नसणें, या दोन गोष्टींनीं जीव वांचतात. म्हणून घरांतील औषधें कुलपांत ठेवावींत, आणि ज्यांची शेतीवाडी आहे त्यांनीं पिकावरील औषधेंही घरांत उघडीं ठेवूं नयेत. हें सर्व गाजावाजा न करतां करावें. मुलावर पहारा बसविल्याचा देखावा नको.

तिसरें काम वैद्याचें. ताप चढला तर आपण अंगाऱ्यावर थांबत नाहीं. मनाच्या आजाराची गोष्ट निराळी नाहीं. नैराश्य हा बरा होणारा आजार आहे. मात्र त्याच्या औषधांचा गुण येण्यास कांहीं आठवडे लागतात, हें जाणून धीर धरावा आणि बरें वाटूं लागतांच आपल्या मतानें औषध बंद करूं नये. रुग्णालयांतून घरीं आल्यानंतरचे पहिले कांहीं आठवडे विशेष जपण्याचे असतात; 'आतां सर्व संपलें' म्हणून तेव्हांच ढिलाई होते. मुलीच्या लग्नाच्या वेळीं ही गोष्ट निघेल, या भीतीनें उपचार लांबविणारीं घरें आम्ही पाहिलीं आहेत. त्यांना आम्ही इतकेंच विचारतों कीं, लग्न कोणाचें करावयाचें आहे?

कायद्याच्या भीतीनेंही पूर्वीं पुष्कळ घरें गप्प बसत. ती भीति आतां निराधार आहे. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ याच्या ११५ व्या कलमानें, असा प्रयत्न करणारी व्यक्ति तीव्र ताणाखालीं होती असेंच गृहीत धरावें आणि सरकारनें तिची काळजी घ्यावी, असें ठरविलें. प्रयत्नालाच अपराध मानणारें भारतीय दंड संहितेचें जुनें ३०९ वें कलम १ जुलै २०२४ पासून अंमलांत आलेल्या भारतीय न्याय संहितेंत राहिलेलें नाहीं. तेव्हां डॉक्टरपाशीं खरें सांगण्यास कचरूं नये.

जीं मुलें कोटा, लातूर किंवा अन्य दूरच्या गांवीं खोली घेऊन शिकतात, त्यांच्याविषयीं दोन शब्द वेगळे लिहिणें अवश्य आहे. त्यांचें पान आजीच्या डोळ्यांसमोर नसतें. घरचा फोन बहुधा 'जेवलास का' आणि 'चांचणीत किती पडले' या दोन प्रश्नांत आटोपतो. आठवड्यांतून एकदां तरी असा फोन करावा कीं, ज्यांत गुणांचा उल्लेखच नाहीं. 'यायचं असेल तर कधीही निघून ये, फी गेली तर गेली,' हें वाक्य मुलाला जाण्यापूर्वींच, सर्वांसमक्ष, आणि बापाच्याच तोंडून ऐकवावें. सर्वोच्च न्यायालयानें जुलै २०२५ मध्यें शिक्षणसंस्था व शिकवणीवर्ग यांकरितां मार्गदर्शक तत्त्वें घालून दिलीं. त्यांत १०० किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थेनें प्रशिक्षित समुपदेशक नेमावा, आणि गुणांवरून मुलांच्या वेगळ्या तुकड्या पाडूं नयेत, असें म्हटलें आहे. पाल्याचें नांव घालण्यापूर्वीं 'निकाल किती टक्के?' याबरोबर 'समुपदेशक कोण, आणि मुलें त्याच्याकडे जातात का?' हाही प्रश्न विचारावा.

घरांतील कोणाशींच बोलवत नसेल, तर परक्याशीं बोलणें पुष्कळदां सोपें जातें. केंद्र सरकारनें १० ऑक्टोबर २०२२ रोजीं सुरू केलेल्या टेलि-मानस या सेवेचा क्रमांक १४४१६ हा आहे. तेथें दिवसा वा रात्रीं केव्हांही, विनामूल्य व मराठींतून बोलतां येतें; मुलानें बोलावें, तसें काळजींत पडलेल्या आईनेंही बोलावें. प्रसंग निकडीचा असेल तर वाट न पाहतां ११२ किंवा रुग्णवाहिकेचा १०८ हा क्रमांक फिरवावा, अथवा जवळचें रुग्णालय गांठावें. हे क्रमांक फोनमध्यें घालून ठेवावेत आणि, आम्ही तर म्हणतों, दिनदर्शिकेच्या मागें, जेथें दूधवाल्याचा हिशेब लिहितात, तेथेंही लिहून ठेवावेत. ज्याला ते हवे असतील, त्याला ते कोणालाही न विचारतां सांपडावेत.

शेवटीं एकच विनंति. आपल्या घरांत शिकणारीं मुलें किती, आणि त्यांतील प्रत्येकाशीं गुण, फी व प्रवेश यांखेरीज दुसरें बोलणारें माणूस कोण, हें आज जेवणें आटोपल्यावर वडील मंडळींनीं एकत्र बसून ठरवावें. तें माणूस आईच असलें पाहिजे असें नाहीं. काकू असेल, आत्या असेल, आजोबाही असतील. पण तें कोणीतरी ठरलेलें असावें; आणि इतरांना जें जें दिसेल, तें तें त्यांनीं त्याच्या कानीं घालावें. आमच्या वाचकांपैकीं थोड्या घरांनीं जरी एवढें केलें, तरी हा अप्रिय विषय काढल्याबद्दल आम्हांस खेद वाटणार नाहीं.